पिग्मी ॲपच्या नोंदी: चाचण्या हिरव्या, मामा नाराज

प्रकल्प: बेळगावातल्या एका सौहार्द पतसंस्थेसाठी पिग्मी (एजंट रोज दारात जाऊन गोळा करतो ती छोटी बचत) वसुलीचं मोबाइल ॲप. एजंट १२, शाखा २. टेस्टिंग माझ्याकडे. नोंदीही मीच ठेवते, कारण बाकीच्यांना लिहायचा कंटाळा.

३ जून २०२४, सोमवार

शेवटचा बिल्ड, म्हणजे ॲपची नवी तयार आवृत्ती, दुपारी तीनला निघाला. ३८६ चाचण्या, ३८६ हिरव्या, म्हणजे पास. पैशाचा हिशोब करणाऱ्या भागाचं कव्हरेज (चाचण्यांखालून गेलेला कोड) ९४ टक्के. आमच्या कंपनीच्या दादांनी दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या टपरीवरून सगळ्यांना चहा सांगितला. उद्या लोकसभेची मतमोजणी, संस्थेत कुणी जागेवर सापडणार नाही, म्हणून यूएटी (ग्राहकाने स्वतः वापरून बघायची शेवटची चाचणी) गुरुवारी.

पुण्याहून आलेल्या नव्या पोराला पिग्मी म्हणजे काय ते सांगण्यात अर्धा तास गेला. "रोजची आरडी" म्हटल्यावर त्याच्या डोक्यात शिरलं. इकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली ही पद्धत काढली. एजंट दारात यायचा आणि विणकर, मजूर रोज दोन आणे त्याच्या हातावर ठेवायचे. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी मात्र आमच्या गल्लीबोळात तशीच सायकलवरून फिरते. आता स्कूटरवरून, एवढाच फरक.

६ जून, गुरुवार

यूएटी झाली. मॅनेजर साहेबांची केबिन, वायफाय, वर पंखा. २२ मुद्द्यांचा कागद होता. 'टेस्ट कस्टमर १' या नावाच्या खात्यात साहेबांनी १०० रुपये भरले, पावती निघाली, साहेबांच्या फोनवर मेसेज आला. "मस्त केलंयसा की," म्हणाले आणि खाली सही करून शिक्का मारला.

मेसेजची भाषा तिथेच ठरली. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात. मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिलं की युनिकोड लागतं आणि मर्यादा ७० वर येते. म्हणजे एका मेसेजचे दोन-तीन तुकडे आणि तितकेच पैसे. साहेबांनी क्षणात इंग्रजी ठरवली. या गावात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून १९५६ पासून भांडण आहे. मेसेजमध्ये दोघांपैकी कुणालाच जागा मिळाली नाही आणि त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. मीसुद्धा नाही.

१० जून, सोमवार

चालू केलं. १२ फोन, १२ छोटे प्रिंटर. दोन तास शिकवणी. एजंटांत सगळ्यात जुने मामा, २६ वर्षं शहापूर आणि वडगावची फेरी करतात. त्यांनी पूर्ण वेळ प्रिंटर हातात धरून ठेवला, पण एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं समजलं.

१९ जून, बुधवार

एकही तक्रार नाही. दादा खूश. मी सहज सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि वेळांचा रकाना बघून चमकले.

१२ पैकी ९ एजंटांच्या नोंदी रात्री आठ ते दहाच्या मध्ये. मामांच्या १४० नोंदी पंचवीस मिनिटांत. सकाळी सात ते अकरा फेरी असते आणि त्या वेळात ॲप गप्प. म्हणजे ही मंडळी दिवसभर जुन्या कार्डावर पेनाने लिहितात आणि रात्री जेवून झाल्यावर, बहुधा घरातल्या पोराकडून, सगळं फोनमध्ये भरून सोडतात. प्रिंटरचे रोल पहिल्या दिवशी दिले तेवढेच. पावती निघतच नाही.

सर्व्हरच्या बाजूने बघाल तर सगळं चोख. रक्कम बरोबर, खातं बरोबर, बेरीज जुळते. आमची एकही चाचणी याला नापास म्हणणार नाही, कारण 'वसुली कुठे उभं राहून केली' हे कुणी विचारलेलंच नाही.

२१ जून, शुक्रवार

संस्थेने दुसरा हप्ता अडवला. मॅनेजर साहेब फोनवर अगदी गोड: "तुमचं सगळं बरोबर हाय ओ, एक रुपयाची चूक नाही. पण आमची माणसं वापरीना झालीत, मी काय करू?"

दादांचं म्हणणं करारावर बोट ठेवून: २२ मुद्दे, सही, शिक्का. पैसे द्यायला हवेत. बदल हवे असतील तर वेगळं बिल. मला त्यांची बाजू पटते. पटत नाही असं नाही. पगार तिथूनच होतो. पण सही केली ती साहेबांनी आणि साहेब आयुष्यात कधी पिग्मी गोळा करायला गेले नाहीत. आम्ही परीक्षा घेतली ती भलत्याच माणसाची.

सोमवारी मामांबरोबर फेरी करायची असं मी सांगितलं. दादा म्हणाले, "टेस्टर बाजारात जाऊन काय करणार?" मी म्हटलं, भाजी आणेन.

२४ जून, सोमवार

सकाळी पावणेसातला शहापूर. पाऊस रिपरिप. आज जे पाहिलं ते सविस्तर लिहून ठेवते.

मामांच्या खिशात कार्डांची गड्डी असते, रबर लावलेली. एका ग्राहकाचं कार्ड दिलं की खालचं आपोआप पुढच्या ग्राहकाचं. गड्डी त्यांच्या चालण्याच्या क्रमाने लावलेली आहे: आधी चहावाले अण्णा, मग शिंपी, मग गल्ली ओलांडून फुलवाली, मग भाजीच्या मावश्यांची ओळ. आमच्या ॲपमध्ये यादी इंग्रजी वर्णानुक्रमाने. त्याची चाचणीसुद्धा आहे, मीच लिहिलेली: 'यादी ए ते झेड लागते', पास. पहिल्याच टपरीवर मामांना ॲपमध्ये नाव शोधायला सांगितलं. चहावाले अण्णा ज्या नावाने साऱ्या गल्लीला माहीत आहेत ते नाव खात्यावर नाही. खात्यावर आधार कार्डावरचं लांबलचक नाव आहे, इंग्रजीत, आणि त्याचं स्पेलिंग मामांना येत नाही. येण्याचं कारणही नाही. 'लक्ष्मी' नावाची तर मामांच्या एकट्याच्या फेरीत अकरा खाती, त्यात स्पेलिंगं चार. मामा त्यांना ओळखतात ते कोपऱ्यावरची, चष्मेवाली, आणि नारळाच्या बाजूची असं.

मग पावती. प्रिंटर ५८ मिलिमीटरचा, त्यात देवनागरीचे साचे नसतात. इंग्रजी अक्षर पाठवलं की तो स्वतः छापतो. मराठीचं जोडाक्षर, वेलांटी त्याला जमत नाही, म्हणून आम्ही पूर्ण पावतीचं चित्र करून पाठवतो, ठिपक्या-ठिपक्यांनी, एका ओळीत ३८४ ठिपके. त्यात भर म्हणजे प्रत्येक पावतीनंतर ॲप ब्लूटूथ सोडतं आणि पुढच्या वेळी नव्याने जोडतं. मी घड्याळ लावलं: ११ सेकंद. चाचणी काय म्हणते? '१५ सेकंदांत पावती निघाली तर पास.' हा १५ चा आकडा मीच घातला होता. कुठून आणला ते आठवत नाही. गोल दिसला म्हणून असेल.

अकरा सेकंद म्हणजे काय ते भाजीच्या गाड्यापाशी उभं राहिल्यावर कळलं. मावशीच्या समोर दोन गिऱ्हाइकं, एक कोथिंबिरीचा भाव करतंय, वरून पाणी गळतंय, आणि मामा प्रिंटर धरून उभे. पहिल्या मावशीने तिसऱ्या सेकंदाला तोंड फिरवलं. पाचव्याला गिऱ्हाइकाने मामांना "जरा बाजूला व्हा की ओ" म्हटलं. मामांनी प्रिंटर पिशवीत टाकला आणि पेन काढलं. कार्डावर आकडा, सही, पुढे. चार सेकंद. ओल्या बोटाने फोनची काच चालत नाही, पेन चालतं, हीसुद्धा एक गोष्ट.

यापेक्षा मोठी गोष्ट कार्डावर होती आणि ती मला मामांनी न विचारता सांगितली. कार्डावर महिन्याची ३१ घरं असतात. शिंपीदादांनी शनिवारी, रविवारी दिले नव्हते, आज १५० दिले. मामांनी शनिवारच्या घरात ५०, रविवारच्या घरात ५०, आजच्या घरात ५० असं लिहिलं. आमच्या ॲपमध्ये ती आजच्या तारखेची १५० ची एक नोंद होते. बेरीज तीच. व्याजातही नाव घेण्यासारखा फरक नाही. पण शिंपीदादा मला म्हणाले, "ताई, माझं एक घर रिकामं दिसलं की रात्री झोप येत नाही बघा. मी पन्नास रोज टाकतो. दीडशे कधी टाकतो का?"

त्यांच्या डोक्यात बचत म्हणजे रक्कम नाहीच. ती ३१ घरांची न तुटलेली ओळ आहे. आम्ही त्यांना बिनचूक रक्कम दिली आणि ओळ तोडली.

शिवाय पावतीवर फक्त आजचे पैसे. एकूण किती झाले ते नाही. मागणीपत्रातच नव्हतं. फुलवालीने पावती उलटून पालटून बघितली, मागची कोरी बाजूसुद्धा, आणि विचारलं, "आतापर्यंतचं कुठं लिहिलंय?" मग ती कापराच्या डबीखाली ठेवून सोडली. तिथे ती किती दिवस टिकणार? तो कागद उष्णतेने काळा होणारा. उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला की अक्षरं उडून जातात.

अकराला घरी. दोन जुड्या मेथी आणली. दादांना दाखवली.

२५ जून, मंगळवार

आज वडगाव, मागाची घरं. पैसे जमा झाले की ॲप 'टिंग' करतं, त्या टिंगचा आवाज किती डेसिबलचा यावर आमच्यात एक आख्खी बैठक झाली होती. चार यंत्रमाग चालू असलेल्या खोलीत शेजारच्याने ओरडलेलं ऐकू येत नाही. संपली नोंद.

२८ जून, शुक्रवार

रात्री झोप येईना म्हणून जुनी वही काढली. आयएसटीक्यूबीच्या, म्हणजे टेस्टरांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेची. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ बरोबर लागतात. त्यात टेस्टिंगची सात तत्त्वं पाठ करायची असतात आणि सातवं हेच: दोष काढून टाकले म्हणून प्रणाली उपयोगी ठरते असं मानणं ही चूक. मी त्या प्रश्नाला बरोबर खूण केली होती, चांगलं आठवतंय. पूर्ण गुण.

त्याच वहीत संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राचं वाक्य लाल शाईत. १९६९ च्या रोममधल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिषदेत तो म्हणाला होता की चाचणीने दोष आहेत हे दाखवता येतं, दोष नाहीत हे नाही. मला हे वाक्य नेहमी गणितातलं वाटायचं, म्हणजे शक्यता इतक्या अगणित की सगळ्या तपासून होत नाहीत. पण इथे तसंही झालं नाही. समजा आमच्या ॲपमध्ये खरंच एकही दोष नाही. तरी शिंपीदादांचं घर रिकामंच. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतल्या बॅरी बोएमने यासाठी दोन वेगळे प्रश्न केले होते: वस्तू नीट बनवतोय का, आणि योग्य तीच वस्तू बनवतोय का. पहिल्याचं उत्तर यंत्र रोज रात्री देतं. दुसऱ्यासाठी यंत्राला बाजारात नेता येत नाही.

एक मात्र लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच चाचण्यांना नावं ठेवत बसेन. परवा एका एजंटाच्या फोनने रेंज जाऊन-येऊन तीच नोंद तीन वेळा पाठवली आणि सर्व्हरने दोन नाकारल्या. त्या चाचणीसाठी मी मार्चमध्ये चार दिवस घालवले होते. ती नसती तर आज पैशाचा घोळ झाला असता आणि मग घरं, ओळ, मेथी कशावरच बोलायची वेळ आली नसती.

२ जुलै, मंगळवार

बदल ठरले. दादांनी पुढचे तीन आठवडे बिल न लावता द्यायचं कबूल केलं, तोंड जरा वाकडं करूनच.

यादी एजंटाला बोटाने ओढून हव्या त्या क्रमाने लावता येईल, 'फेरीचा क्रम'. नावाशेजारी एजंटाचं स्वतःचं टोपणनाव, मराठीत किंवा कन्नडमध्ये. पैसे भरताना 'किती दिवसांचे?' हा प्रश्न, म्हणजे घरं भरतील. प्रिंटर सकाळी एकदाच जोडायचा. पावती मागितली तरच. कार्ड बंद करायचं नाही, मामांचं पेन चालू राहील. आणि एकूण शिल्लक दाखवायची, पावतीवरही आणि मेसेजमध्येही. मेसेजचा नमुना दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे आधी नोंदवावा लागतो, तो आजच पाठवला.

शिल्लक मेसेजमध्ये घालायची कल्पना माझी होती. हे इथे लिहिते कारण पुढे लिहावं लागणार आहे.

(ही शेवटची ओळ आज, ९ तारखेला, मागे जाऊन घातली.)

८ जुलै, सोमवार

कॅशियर वहिनींचा दुपारी फोन. भाजीच्या ओळीतल्या एका मावशींनी खातं बंद केलं. तीन वर्षांपासून रोज ४० रुपये. अडतीस हजारांवर गेले होते. घरी कुणाला माहीत नव्हतं. मुलगी बारावीला आहे, तिच्या नर्सिंगच्या फीसाठी साठवत होत्या. मामांना माहीत होतं, वहिनींना माहीत होतं. खातं उघडताना मोबाइल क्रमांक दिला तो नवऱ्याचा, कारण घरात फोन तेवढाच.

१० जूनपासून त्या फोनवर मेसेज जात होतेच. इंग्रजीत चार शब्द, चाळीस रुपये. बहुधा कुणी वाचलं नाही, जाहिरात समजून सोडलं असेल. शुक्रवारी नवा नमुना मंजूर झाला आणि शनिवारच्या मेसेजमध्ये एकूण शिल्लक गेली. पाच आकडी रक्कम वाचायला इंग्रजी लागत नाही.

"नवरा बाजूलाच उभा होता," वहिनी म्हणाल्या. "सही हिनं केली, मोजून त्यानं घेतले."

संध्याकाळी त्या खात्याची नोंद काढून बघितली. शनिवार, ६ जुलै, रात्री ८:५२. पैसे जमा. मेसेज चार सेकंदांत पोचला. चाचणी क्रमांक २११: 'रक्कम भरल्यावर ६० सेकंदांच्या आत नोंदणीकृत क्रमांकावर शिलकीसह मेसेज पोचतो.' पास. रोज रात्री दोन वाजता चालते, रोज पास. कालही पास.

९ जुलै, मंगळवार

सकाळी दादांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मेसेज आत्ताच्या आत्ता बंद करून टाक. मी मॅनेजर साहेबांना विचारल्याशिवाय करणार नाही म्हटलं आणि बरं झालं, कारण साहेबांनी जे सांगितलं ते आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

साहेब म्हणाले, मेसेज काढू नका. काही वर्षांपूर्वी एका एजंटाने कार्डावर लिहिलं आणि संस्थेत भरलंच नाही. गरिबांचे पैसे गेले, संस्थेला स्वतःच्या खिशातून भरून द्यावे लागले. हे ॲप केलं ते मुळात त्यासाठी. एजंटाच्या हातून पैसे गेले की ग्राहकाला संस्थेकडून थेट कळलं पाहिजे. "मामांसारखी सगळी असती तर तुम्हाला बोलवलंच नसतं."

हे मागणीपत्रात कुठेच नव्हतं. तिथे फक्त 'एसएमएस सुविधा' एवढे दोन शब्द. दोन शब्दांच्या मागे एवढी मोठी जखम आहे हे कळलं असतं तर निदान 'कुणाच्या फोनवर?' हा प्रश्न तरी सुचला असता. की नसता सुचला? खरं सांगायचं तर मला खात्री नाही. क्रमांक नोंदणीकृत म्हणजे ग्राहकाचा, हे मी धरूनच चालले होते. माझ्या घरात चार माणसांना चार फोन.

दुपारभर साहेब, वहिनी, मामा आणि मी बसलो. मामा पहिल्यांदाच सलग बोलले. त्यांच्या फेरीतल्या बायकांपैकी किती जणींचं घरी माहीत नाही याचा त्यांना अंदाज आहे, पण आकडा सांगितला नाही. मीही विचारला नाही. ठरलं ते असं: मेसेज सुरुवातीला सगळ्यांचा बंद. मामा प्रत्येकाला एकदा विचारणार, मेसेज हवा का आणि कुणाच्या फोनवर. ज्यांना नको त्यांनी महिन्यातून एकदा शाखेत कार्ड आणायचं, वहिनी संगणकातली शिल्लक बघून कार्डावर शिक्का मारणार. एजंटावर नजरही राहते आणि घरातही काही कळत नाही. याला वेळ लागणार, शिक्क्याला रांग लागणार, साहेब कुरकुरले. पण वहिनींनी "मी बघून घेते" म्हटल्यावर गप्प बसले.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सकाळी बाजारात गर्दी रताळ्यांची. नवा बिल्ड मामांच्या एकट्याच्या फोनवर टाकला.

२३ जुलै, मंगळवार

खानापूर शाखेचा एजंट जांबोटीच्या बाजूला जातो. तिकडे पावसाळ्यात लाइट गेली की टॉवरही जातो. त्याची काही अडचण नाही. ऑफलाइन नोंदी साठतात आणि खानापुरात परतला की जातात. हा भाग पहिल्या दिवसापासून नीट चालला, कारण आमचा बॅकएंडवाला (सर्व्हरचा भाग लिहिणारा) स्वतः त्याच बाजूचा आहे. त्याला मागणीपत्र लागलंच नव्हतं. यावर बोलायचं ठरवलं होतं बैठकीत, राहून गेलं.

५ ऑगस्ट, सोमवार

मामांबरोबर दुसरी फेरी. फेरीचा क्रम लावून झालाय. यादीत आता 'कोपऱ्यावरची', 'चष्मेवाली', 'नारळ' अशी नावं आहेत, सर्व्हरवर बघताना हसू येतं. पावती चार सेकंदांत, पण मागतंय कोण? १४० पैकी आज सात जणांनी घेतली. पेन चालूच.

मग ॲपचा उपयोग काय, असं पुण्याच्या पोराने विचारलं. मामांना विचार म्हटलं. मामा म्हणाले, रात्रीची भरायची कटकट गेली, दहाला झोपतो. त्यांच्यापुरता तेवढाच.

'किती दिवसांचे?' या प्रश्नात एक नवी भानगड निघाली. काहीजण पुढचेही देतात. चहावाले अण्णा गावाला जाणार म्हणून चार दिवसांचे आधीच देऊन गेले. आम्ही फक्त मागचे दिवस धरले होते. त्यासाठी चाचणीही होती, 'पुढची तारीख नाकारली जाते', पास. बदलायला टाकली.

२७ ऑगस्ट, मंगळवार

चतुर्थी ७ सप्टेंबरला. लोकांनी पैसे काढायला सुरुवात केली, शाखेत रांग. १२ पैकी १० एजंटांच्या नोंदी आता सकाळच्या वेळेत पडतात. उरलेले दोघे अजून रात्रीच भरतात. एकाचा नातू भरतो आणि आजोबांना ते आवडतं, त्यामुळे तो बदलणार नाही असं दिसतं.

संस्थेने हप्ता सोडला. मॅनेजर साहेबांना लेखापरीक्षकासाठी एक पत्र हवंय की 'प्रणालीची पूर्ण चाचणी झाली असून ती दोषरहित आहे'. 'दोषरहित' काढून कुठल्या चाचण्या झाल्या, कधी झाल्या, एवढंच लिहून दिलं. साहेब म्हणाले, शब्द कमी पडतो. मी म्हटलं, तेवढाच आहे.

चाचण्या आता ४०९. २११ क्रमांकाची बदलली: संमती नसेल तर मेसेज जाता कामा नये.

परतताना मामांना भाजीच्या त्या मावशींचं विचारलं. बसतात, म्हणाले, त्याच जागेवर. पिग्मी पुन्हा सुरू केली आहे, दुसऱ्या संस्थेकडे, रोज वीस रुपये. तिथला एजंट अजून वहीवरच लिहितो.

उद्या: वडगावची फेरी, सकाळी साडेसहा. कंपनावर सूचना देणारा बिल्ड घेऊन जाणे. अण्णांचे पुढचे दिवस तपासणे. छत्री.